माडीवरची खोली आणि वजनाचा काटा

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून खानापूर तालुक्यातील एका गावात राहते. गेल्या वर्षी उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. नंतर केमोच्या लाल औषधाचे चार डोस झाले आणि मग दर आठवड्याला एक असे बारा डोस सुरू झाले. सातव्या डोसानंतर पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या आणि तळपाय बधिर झाले, म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी तीन आठवडे केमो थांबवली आहे. आजारापूर्वी माझे वजन ५७ किलो होते, आता ६३ आहे. चेहरा गोल झाला आहे आणि ब्लाउज दंडात शिरत नाही. बायका म्हणतात, ‘किती सुधारलीस गं, तुला कसला कॅन्सर!’ म्हणून मी कोणासमोर जात नाही आणि गुपचूप एका भाकरीवर दिवस काढते. आमच्याच वॉर्डातले एक काका मात्र वाळून काडी झाले आहेत. पाच महिने मी माडीवरच्या खोलीत आहे, ताट-तांब्या वेगळा आहे, सासूबाई जेवण जिन्यावर ठेवून जातात. पती गोव्यात नोकरीला आहेत, आठवड्याने येतात. मुलगी नववीत आहे. डोस चालू होते तेव्हा दवाखान्यात तरी चार माणसे भेटत होती, आता तेही नाही. आहाराचा कागद कन्नडमध्ये आहे, मला तो नीट वाचता येत नाही. केमोच्या या सुटीच्या शेवटच्या आठवड्यात गावची लक्ष्मी यात्रा आहे. इतक्या वर्षांनी भरते आहे, सगळ्या माहेरवाशिणी येणार आहेत. मी अनवाणी दर्शनाला येण्याचा नवस बोलले होते. जाऊ का? आणि या सुटीत आजार पुन्हा वाढला तर?

उत्तर : ताई, तुमच्या सुटीच्या आणि यात्रेच्या तारखा जवळ असल्यामुळे इतर पत्रे बाजूला ठेवून तुम्हाला आधी लिहीत आहे. पहिली विनंती अशी की आज रात्रीपासूनच एका भाकरीवर राहणे बंद करा. बाकी सगळे सावकाश वाचले तरी चालेल, पण हे एवढे मात्र आजच करा.

तुमच्या वाढलेल्या सहा किलोंमध्ये नेमके काय आहे, हे कोणी तुम्हाला समजावून सांगितलेले दिसत नाही. आठवड्याच्या डोसाआधी सलाईनमधून किंवा गोळीतून एक स्टेरॉइड दिले जाते. त्याचे नाव बहुधा डेक्सामेथासोन असते आणि मुख्य औषधाची ॲलर्जी येऊ नये म्हणून ते आवश्यक असते. लाल औषधाच्या वेळी हेच स्टेरॉइड उलट्या थांबवण्यासाठी दिलेले असते. त्याने भूक वाढते, अंगात पाणी साठते, चेहरा गोल होतो, रात्रीची झोप उडते आणि रक्तातली साखरही चढू शकते. त्यात भर म्हणजे, मळमळ दबावी म्हणून आपण सतत बटर, खारी, बिस्किटे असे काहीतरी तोंडात टाकत राहतो. शेतातले, परड्यातले, विहिरीवरचे चालणे-वाकणे मात्र पूर्ण थांबलेले असते. केमोमुळे या वयातल्या अनेक स्त्रियांची पाळी अचानक बंद होते आणि रजोनिवृत्तीबरोबर वजन वाढण्याची प्रवृत्ती येते. म्हणजे काटा ६३ दाखवतो तेव्हा त्यात काही पाणी असते आणि काही चरबी असते, आणि त्याच वेळी मांड्या-दंडांतला स्नायू कमी झालेला असतो. तो गेलेला भाग काटा दाखवतच नाही. स्तनाच्या कर्करोगावर केमो घेणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचे वजन असेच वाढते. यात तुमच्या जिभेचा किंवा आळसाचा दोष नाही.

आता उपाशी राहिल्याने काय होते ते पाहा. अशा वेळी अन्न तोडले तर शरीर स्नायूही मोडून खाते, आणि बधिर पायांच्या माणसाला तोल सांभाळायला तो स्नायूच लागतो. शिवाय केमोच्या औषधांचे प्रमाण उंची आणि वजन यांवरून काढलेले असते. नर्स प्रत्येक भेटीत तुम्हाला काट्यावर उभे करते ते यासाठी. वजनात मोठा फरक पडला आणि त्याचे कारण तुम्ही लपवले, तर पुढचा हिशेब करणाऱ्या डॉक्टरांनाही अंधारात ठेवल्यासारखे होते. तेव्हा पुढच्या भेटीत हे उपासाचे स्वतःहून सांगा, ते रागावणार नाहीत.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. ब्लाउज दंडात शिरत नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण कोणत्या दंडात? दोन्ही बाह्या सारख्याच घट्ट होत असतील, तर ते अंगाचे वजन आहे. उजवीच बाही घट्ट होत असेल, उजव्या हाताची अंगठी किंवा बांगडी रुतत असेल, हात जड किंवा ताठरलेला वाटत असेल, तर तो वजनाचा प्रश्न नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर त्या बाजूच्या हातात लसीकेचे, म्हणजे त्या गाठींतून वाहणाऱ्या द्रवाचे, पाणी साठून सूज येऊ शकते, आणि ती लवकर दाखवली तर विशिष्ट मालीश, पट्ट्या आणि व्यायाम यांनी आटोक्यात ठेवता येते. उशीर झाला तर ती हट्टी होते. उद्या सकाळी मुलीला शिवणाची टेप घेऊन बसवा, कोपराच्या वर आणि खाली सारख्याच अंतरावर दोन्ही हात मोजायला सांगा आणि आकडे लिहून ठेवा. उजव्या हाताचा आकडा दोन सेंटिमीटरने किंवा त्याहून जास्त असेल, तर सुटी संपण्याची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा. तो हात लाल, गरम किंवा दुखरा झाला, तर त्याच दिवशी जा. दोन-तीन दिवसांतच वजन दोन किलोंनी चढले, एकच पाय सुजून दुखू लागला किंवा दम लागू लागला, तरीही तसेच करा.

जेवणाविषयी लिहिते. कर्करोगाच्या उपचारात असलेल्या माणसाला दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात असे धरतात. तुमचे मूळचे ५७ किलो धरले आणि किलोमागे १.२ ग्रॅम घेतले, तर रोज साधारण ६८ ग्रॅम होतात. एका भाकरीतून त्यातले पाच ग्रॅम मिळतात, यावरून गेले काही दिवस शरीराची किती ओढाताण झाली असेल ते लक्षात येईल. दोन अंड्यांतून १२, दिवसभरात दोन पेले दूध किंवा दही घेतल्यास १३, वाटीभर घट्ट डाळीतून ७, मटकी किंवा कुळथाच्या वाटीभर उसळीतून ८, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि तीन भाकऱ्यांतून १५, असे मिळून ६० च्या पुढे जाते, आणि वर थोडा भात असतोच. यातली एकही वस्तू बेळगावच्या बाजारातून आणायला नको, ती तुमच्या घरात आहे. अंडी चालत नसतील तर दही आणि उसळ वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. पांढऱ्या पेशी वाढेपर्यंत उसळ पूर्ण शिजलेली असावी, कच्चे मोड खाऊ नयेत, दूध तापवलेले असावे. कमी करायचे असेल तर बटर, बिस्किटे, फरसाण आणि जास्तीचे मीठ कमी करा, कारण मिठाने पाणी आणखी धरले जाते. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा वापरून पाहा. नाचणीच्या गार आंबिलाने अनेकांना बरे वाटते.

घरी येणारे लोक सांगतील की साखर-गूळ खाल्ल्याने कर्करोग वाढतो. शरीरातली प्रत्येक पेशी साखरेवर चालते. गूळ सोडल्याने आजाराची उपासमार होत नाही, उपासमार होते ती तुमची. स्टेरॉइडमुळे रक्तातली साखर वाढली आहे का, एवढे तपासून घ्या आणि ती ठीक असेल तर पाहुण्यांनी आणलेला कुंदा चमचाभर सुखाने खा. डाळिंब, बीट किंवा पपईच्या पानांचा रस घेतल्याने पांढऱ्या पेशी वाढतात हेही खरे नाही. केमोच्या औषधाने अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला मगज, दबलेली असते आणि तिला उसंत मिळाली की ती पुन्हा पेशी तयार करू लागते; त्या उसंतीसाठीच तुम्हाला ही सुटी दिलेली आहे. गुळवेल किंवा दुसरी कोणतीही झाडपाल्याची पूड या काळात डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका; गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोची बरीच औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृतच करत असते.

त्या काकांशी स्वतःची तुलना करू नका. त्यांचा आजार कोणता हे मला माहीत नाही. पण अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड अशा ठिकाणचा आजार असेल, तर गिळणे आणि पचणेच अवघड होते, आणि मुळात त्या आजारात शरीर आतून झिजते. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंहून जास्त वजन आपोआप घटले, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचे असते. त्यांची भेट झाली तर हे त्यांना सांगा. त्यांनी दर दोन तासांनी थोडे-थोडे खावे, आमटीत तूप, ताकाऐवजी दही आणि खिरीत शेंगदाण्याचे कूट घालून घासाघासात ताकद वाढवावी. त्यांना ‘वाळलास’ म्हणणारे आणि तुम्हाला ‘सुधारलीस’ म्हणणारे लोक एकच असतील, असे मला वाटते.

या ‘सुधारलीस’ शब्दाचे मला फार वाईट वाटले. आपल्याकडे बाळंतिणीला, माहेरी चार दिवस राहून आलेल्या लेकीला तो कौतुकाने म्हणतात. तुमच्या बाबतीत त्याच शब्दाने तुमच्या आजारावरच शंका घेतली गेली. त्यावर लांब खुलासा देण्याची गरज नाही. ‘औषधाची सूज आहे, डोस संपले की उतरेल’ एवढे एकच वाक्य पाठ करून ठेवा आणि लगेच समोरच्या बाईला तिच्या घरचे काहीतरी विचारा. वजनही रोज पाहू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर आणि चहाच्या आधी, त्याच काट्यावर पाहा आणि वहीत लिहा. गावातला काटा आणि दवाखान्यातला काटा यांत किलो-दोन किलोंचा फरक सहज असतो, त्यामुळे त्या दोन आकड्यांची सांगड घालत बसू नका. स्टेरॉइडमुळे साठलेले पाणी डोस थांबल्यावर हळूहळू उतरते. बाकीचे वजन उतरवण्याचा विचार बारावा डोस झाल्यानंतर करू.

आता माडीवरच्या खोलीविषयी. ती खोली हेही एक औषधच होते, पण ते किती दिवस घ्यायचे हे तुम्हाला कोणी लिहून दिले नाही, म्हणून तुम्ही आणि घरचे ते पाच महिने घेत राहिलात. लाल औषधाचा डोस बहुधा २१ दिवसांनी असतो. त्यात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि पुढे सावरतात. जपायचे ते मुख्यतः त्या दिवसांत. ताट-तांब्या वेगळा ठेवण्याचे कारण तर कोणत्याच दिवशी नव्हते, कारण कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने किंवा श्वासाने लागत नाही. डोसानंतर साधारण दोन दिवस लघवी, उलटी यांतून औषधाचा अंश बाहेर पडतो, म्हणून तेवढ्यापुरते संडासात भरपूर पाणी टाकावे आणि खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत, असे दवाखान्यात सांगतात. ही सूचना घरी पोहोचेपर्यंत तिचे ‘सगळे वेगळे ठेवा’ असे झाले असावे.

सासूबाईंवर यासाठी मी दोष ठेवणार नाही. जिन्यावर ताट ठेवून परत फिरणाऱ्या बाईच्या मनात तुमच्याविषयी किळस असेल असे मला वाटत नाही. आपल्या हातून सुनेला काही होऊ नये, ही भीतीच तिथे जास्त असणार. पण त्या भीतीचा भार तुम्ही सोसत आहात, म्हणून आता त्यांच्याशी बोलायला हवे, आणि ते तुमच्यापेक्षा डॉक्टरांनी बोललेले बरे. रक्त तपासायला जाल तेव्हा सासूबाईंनाच सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या समोर त्यांनाच विचारू द्या की सुनेने आमच्यात बसून जेवावे का. घरात सांगायचे वाक्य असे ठेवा : ‘डॉक्टरांनी माणसे बंद केलेली नाहीत, सर्दी-खोकला-ताप असलेली माणसे बंद केली आहेत.’ पेशी वाढल्याचे कळले की त्या दिवसापासून रात्रीचे जेवण खाली, सगळ्यांच्या पंगतीत घ्या. सुरुवातीला अर्धा तास बसलात तरी खूप झाले, कारण इतक्या दिवसांनी माणसांत बसायलाही दम लागतो.

तो कन्नड कागद मुलीच्या हातात द्या. मराठी शाळेत असली तरी ती कन्नड विषय शिकतेच. तिने तो वाचावा आणि त्याच्या मागच्या बाजूला तुमच्यासाठी मराठीत उतरवावा. आईच्या आजारात आपल्याला काही करता येत नाही म्हणून नववीतली मुलगी किती गप्प होते हे मी पाहिले आहे, आणि अशा मुलीला हे काम म्हणजे आईच्या खोलीत येऊन बसण्याचे निमित्त होते. दवाखान्यात कन्नडमध्ये बोललेले कळले नाही तर मान डोलावू नका, पुन्हा विचारा. बेळगावात मराठी समजणारे कोणी ना कोणी जवळ असतेच.

डोस बंद झाल्यावर माणसे भेटेनाशी झाली, असे तुम्ही लिहिले आहे. बाहेरच्यांना वाटते की केमोला सुटी म्हणजे बाई मोकळी झाली. प्रत्यक्षात त्या शेजारच्या खुर्च्यांवर सलाईन लावून बसलेल्या बायकाच पाच महिने तुमचे गाव होत्या. आपल्या सीमाभागात कोणी बेळगावला, कोणी हुबळीला, कोणी मिरजेला, कोणी कोल्हापूरला उपचार घेते. त्यामुळे एकाच गावातल्या दोन रुग्णांनाही एकमेकींचा पत्ता नसतो. पुढच्या भेटीत शेजारच्या खुर्चीवरच्या एका तरी बाईचा फोन नंबर घ्या. पतींनाही सांगा की आठवड्याने येण्यापेक्षा जास्त गरज रोज रात्री दहा मिनिटांच्या फोनची आहे, आणि त्या फोनवर औषधांचा हिशेब सोडून दुसरे काहीतरी बोलायचे आहे. स्टेरॉइड चालू असताना आणि बंद झाल्यावरही मन वर-खाली होते, तेव्हा प्रत्येक रडू म्हणजे कमकुवतपणा नव्हे. पण दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यावर मराठीतूनही बोलता येते.

सुटीत आजार वाढेल का, ही भीती तुम्ही सर्वांत शेवटी लिहिली, पण ती रोज रात्री पहिल्यांदा येत असणार. शस्त्रक्रियेत गाठ काढून झालेली आहे आणि हे डोस मागे कुठे लपून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशींसाठी आहेत. पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे किंवा बधिरपणामुळे डोस पुढे ढकलणे ही कर्करोग-विभागातली नेहमीची गोष्ट आहे; त्या फार कमी असताना डोस दिला तर जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो, म्हणून डॉक्टरांनी विचार करून थांबवले आहे. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सुटीत बरे वाटू लागते, तोंडाला चव येते, डोक्यावर बारीक केस दिसू लागतात, आणि मग ‘यात्रा होऊ दे, पाहुणे जाऊ देत’ म्हणत तारीख एकेक आठवड्याने लांबते. डॉक्टरांनी दिलेल्या सुटीला घरी आणखी सुटी जोडू नका. पुढची तारीख सोप्यातल्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवा.

यात्रेला जावे का, याचे उत्तर तुमच्या रक्ताच्या अहवालात आहे. यात्रेच्या दोन दिवस आधी तपासणी करून घ्या आणि ‘एएनसी’ म्हणजे न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा विचारा. तो ५०० च्या खाली असेल तर संसर्गाचा धोका फार मोठा असतो, हजाराच्या खालीही जपावेच लागते, आणि १,५०० च्या वर असेल तर बहुतेक वेळा पुढचा डोसही देता येतो. तेव्हा तो आकडा सांगून डॉक्टरांची परवानगी घ्या. परवानगी मिळाली तरी रथाच्या गर्दीत आणि उधळलेल्या भंडाऱ्यात जाऊ नका. पहाटे, गर्दी होण्याआधी, मास्क लावून मुलीबरोबर जा, ओटी भरा आणि परत या. उघड्यावरचे पाणी, बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेली फळे यांना हात लावू नका. अनवाणी जाण्याचा नवस मात्र या वर्षी तुमच्याकडून होणार नाही. बधिर तळव्याला तापलेला दगडही कळत नाही आणि काचही कळत नाही, आणि जखम झाली तर ती भरायला लागणाऱ्या पेशीच तुमच्याकडे आज कमी आहेत. पाय बरे झाल्यावर अनवाणी येईन, असे देवीला सांगून चपला मंदिराच्या पायरीपर्यंत घालून जा. त्या आधी रोज परड्यात चपला घालूनच दहा-दहा मिनिटे फिरा आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, म्हणजे पायांना अंदाज येईल. यात्रेत किंवा नंतर अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर गोळी घेऊन झोपू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.

माहेरवाशिणींना तुम्ही सगळीकडे जाऊन भेटण्याची गरज नाही. त्यांना एकेक-दोघी करून आपल्या घरी बोलवा, दारे-खिडक्या उघड्या ठेवा आणि खोकणारीला प्रेमाने नंतर यायला सांगा. यात्रेआधी कासार गल्लीत येईलच. त्याला माडीवर बोलावू नका, तुम्ही खाली येऊन सोप्यात बसा. डाव्या हातात हिरवा चुडा हवा तेवढा भरा. उजव्या हातात भरायचाच असेल तर दोन बांगड्या, आणि त्याही सहज फिरतील अशा सैल मापाच्या.